एकाच बंधाऱ्यावर पुन्हा पुन्हा

मुलांना शाळेत घातलेलं नाही म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "शाहू महाराजांच्या गावात राहून हे असं?" प्रश्न रास्त आहे. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्यांच्या पोरांना पिढ्यानपिढ्या अक्षराजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी ते होतं. आजही असंख्य मुलांना शाळेशिवाय दुसरा आधार नाही आणि त्या शाळा टिकल्याच पाहिजेत. आम्हा दोघांना मुलांसाठी वेळ काढता येतो, म्हणून आमच्या घरी हे जमतं. दहावीचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, चौदा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. तो विषय इथंच सोडते.

मला बोलायचंय ते सहलींबद्दल. घरी शिकवणाऱ्या पालकांमध्येसुद्धा सहल म्हणजे ठिकाणांची यादी झालीय. एका दिवसात पन्हाळा, जोतिबा आणि जाता जाता कणेरी मठ. संध्याकाळी मुलं गाडीत झोपलेली आणि आईबापांच्या मोबाइलमध्ये ढीगभर फोटो. यातून मुलांच्या पदरात काही पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ठिकाणं थोडी घ्या, पण तिथंच परत जा, दुसऱ्या ऋतूत जा.

कसबा बावड्याचा राजाराम बंधारा घ्या. पावसाळ्यात बातम्यांत रोज त्याचं नाव असतं, कारण पंचगंगेची पातळी तिथं मोजतात: इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. आमच्या धाकट्याला हे आकडे तोंडपाठ होते, पण बंधारा म्हणजे काय हे त्याला कळलं ते नदी उतरल्यावर. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा म्हणजे ओळीनं उभे खांब आणि त्यांच्या खाचांत एकावर एक बसवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, म्हणजे उन्हाळाभर काठच्या उसाला मोटारी चालतात. पाऊस तोंडावर आला की तेच बरगे काढायचे. "मग काढायचे कशाला? पावसात तर जास्त पाणी अडेल!" असं त्यानं बरगे काढणाऱ्या मामांना विचारलं. मामा म्हणाले, "एक जरी बरगा राहिला तर पुरात वाहून आलेली झाडं त्यालाच अडकून बसत्यात, बाळा. मग पाणी वाट काढतंय आणि काठ खातंय." घरी येऊन त्यानं बंधाऱ्याची दोन चित्रं काढली, एक हिवाळ्यातलं, एक पुरातलं. पुरातल्या चित्रात बंधारा दिसतच नव्हता, नुसतं पाणी. चित्र अगदी बरोबर होतं.

गुऱ्हाळाचंही तसंच. गरम गूळ खाऊन परत येणं म्हणजे गुऱ्हाळ बघणं नव्हे. घाण्यातून रस निघाल्यापासून गार करायच्या वाफ्यात गूळ ओतेपर्यंत तिथं थांबावं लागतं. रानभेंडीचा चिकट रस काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत, पडला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या चुलीत, वाळलेली चिपाडं सारणाऱ्याचं आणि गूळ करणाऱ्या गुळव्याचं सतत बोलणं चालू असतं, आच वाढव, कमी कर. साधारण ११८ अंशांच्या आसपास पाक तयार होतो, पण गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो चमचाभर पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहील उतरवायला सांगतो. आमच्या थोरलीनं तिथं उभं राहून विचारलं, "काका, तुम्हाला कोणी शिकवलं?" ते म्हणाले, "बाऽऽ नं. आता माझा पोरगा येत नाही इकडं." कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं एकामागून एक बंद पडताहेत. हे दोन्ही तिला एकाच दिवशी कळलं, आणि मला वाटतं ते कळायलाच हवं होतं.

पन्हाळ्यावर आम्ही फक्त अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारांत थांबतो. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. खंडी म्हणजे वीस मण. छतावर जाऊन धान्य ओतायची भोकं बघायची आणि हिशेब मांडायचा: सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत गडावरच्या माणसांना किती लागलं असेल? उत्तर पक्कं येत नाही, पण त्रैराशिक पक्कं होतं.

आणि टाउन हॉल म्युझियम विसरू नका. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी! आधी मूर्ती बघायची, मग चालत टेकडीवर जायचं आणि नदीकडं बघत पोरांना विचारायचं, ही इथवर आली कशी?

एक कळकळीची विनंती. गुऱ्हाळ, गोठा, शेत ही लोकांची पोटापाण्याची जागा आहे. आधी फोन करून विचारा. काहील उतरवायच्या वेळी मध्ये उभं राहू नका, भाजण्याचा धोका असतो. येताना तिथलाच गूळ घ्या आणि भावात घासाघीस करू नका. त्यांच्या कामाचे रील काढायचे तर आधी परवानगी मागा.

ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनाही हे जमण्यासारखं आहे. गुऱ्हाळ रविवारीही चालू असतं, नदी तर असतेच. दिवाळीनंतर बरगे घालायला लागले की आम्ही बंधाऱ्यावर जाणार आहोत. ज्यांना मुलांना घेऊन यायचंय त्यांनी कळवा, एकत्र जाऊ. जेवणाचा डबा आपापला आणा, आणि मुलांना वही-पेन्सिल द्या.