कॅमोमाईल उकळू नका हो!

कॅमोमाईलची लागवड आणि चहा यावरचा एक लेख वाचला, त्यात चहासाठी फुलं पंधरा मिनिटं खळखळून उकळायला सांगितलीयत, ते काही पटलं नाही बुवा. त्यातलं तेल उडून जाणारं असतं, मग सगळा वास किचनभर आणि कपात नुसतं कडवट पाणी. गॅस बंद करायचा, फुलं टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि ५ ते १० मिनिटांनी गाळून प्यायचं, बस्स. झाकणाच्या आतल्या बाजूला जे थेंब जमतात ना ते परत कपातच पाडा, वास त्यातच असतो.

लागवडीचं छान लिहिलंय, फक्त बी खोल पुरू नका, त्याला उगवायला उजेड लागतो, नुसतं मातीवर भुरभुरवून हाताने हलकं दाबलं आणि स्प्रेने पाणी मारलं की झालं. जर्मन जातीचं आहे का बघायचं तर फुलाचा पिवळा गोंडा उभा चिरा, आतून पोकळ निघतो.

झोपेची गोळी समजून मात्र कोणी पिऊ नये, जरा शांत वाटतं इतकंच. आणि शेवंतीच्या कुळातलं आहे हे, तशा फुलांची अॅलर्जी असेल तर लांबच राहा, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.