बेल्ट बदला, बेल्ट बदला! अरे, पण बघणार कोण?

आठ महिन्यांत गाडीच्या इंजिनाचे चार फॅन बेल्ट. चार! आणि दरवेळी बॉनेट उघडल्यावर निदान व्हायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "दादा, बेल्ट गेलाय, बदलून टाकू." अरे बाबा, बेल्ट गेलाय ते मलाही दिसतंय. तो का गेला ते बघ ना! दोन महिन्यांपूर्वी तूच घातलेला आहेस हा.

गाडी 2003 सालची, डिझेल, फोर-बाय-फोर. पाटण खोऱ्यात पावसाळ्यात शेताकडे जायचं तर दुसरं काही चालत नाही. चिखल, ओढा, खडा चढ, सगळं ती निमूटपणे करते. तिच्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. तक्रार आहे ती पाना हातात घेण्याआधी डोळे मिटून घेणाऱ्यांबद्दल.

सुरुवात साध्या आवाजाने झाली. सकाळी सेल्फ मारला की पुढून चीं करून किंचाळायची, मिनिटाभरात गप्प. दिवे आणि ब्लोअर लावले की परत सुरू. पहिल्या मिस्त्रीने बेल्ट बदलला. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने कसलासा चिकट स्प्रे मारला आणि म्हणाला, आता वर्षभर बघायला नको. तो स्प्रे मारला की बेल्ट दोन दिवस पकडतो, मग त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि त्याचं पॉलिश पेपर होतं. बेल्ट ज्या पुलीच्या खाचेत बसतो तिची भिंत घासते, बेल्टही घासतो. आठवडाभरात आवाज दुप्पट झाला.

तिसऱ्याने तर कहर केला. टॉमीची लोखंडी दांडी घातली, अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, मागे रेटला आणि बोल्ट आवळला. बेल्ट इतका ताठ की बोट दाबलं तर हलेना. मी म्हटलं, मिस्त्री, दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने जोर लावला तर साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे ना? तर मला म्हणाला, "ढिला ठेवला म्हणूनच ओरडतो." महिन्याभरात अल्टरनेटरच्या बेअरिंगने घरघर सुरू केली. त्याचा खर्च कोणी दिला? मीच दिला. आणि बेअरिंग बदलताना त्याच माणसाने आणखी एक नवा बेल्ट लावला!

आता हा बेल्ट काय काय चालवतो ते बघा, म्हणजे माझं डोकं का फिरलंय ते कळेल. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून निघतो, वॉटर पंप आणि फॅन फिरवतो, अल्टरनेटर फिरवतो. आणि माझ्या गाडीत अल्टरनेटरच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप बसवलेला आहे. ब्रेकवर पायाचा जोर वाढवून देतो तो बूस्टर, आणि तो चालतो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीवर. पेट्रोल गाडीला हा व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधूनच, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतूनच मिळतो. या जुन्या डिझेलला थ्रॉटल, म्हणजे त्या नळीतली हवा अडवणारी झडप नाही, तिथे तसा व्हॅक्यूम तयारच होत नाही, म्हणून हा वेगळा पंप. म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंग गेलं, इंजिनातलं पाणी फिरायचं थांबलं आणि ब्रेकही गेल्यात जमा. साडेतीनशे रुपयांच्या रबरी पट्ट्यावर गाडीतल्या सगळ्यांचा जीव असतो.

जुलैत आबांना घेऊन चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट, उतार, पाऊस, धुकं. दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू. एका वळणाआधी बॉनेटखाली फट् करून आवाज झाला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. पहिला ब्रेक नेहमीसारखा लागला, कारण बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम उरलेला असतो. दुसऱ्याला पेडल जड झालं. तिसऱ्याला पायाखाली दगड. दोन्ही पाय पेडलवर रोवून उभा राहिलो, गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घातलं तेव्हा कुठे थांबलो. आबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा हात डॅशबोर्डवर टेकलेला होता आणि बोटं पांढरी पडली होती. ते बघून मला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

चिपळूणहून एका फिटरला बोलावलं. त्याने चौथा बेल्ट आणला आणि घातला. तुटलेला बेल्ट मी त्याच्या हातात दिला. म्हटलं, बघा, याची एकच कड उसवलीय. आधीचे दोन्ही असेच, त्याच बाजूने, दोरे लोंबत. त्याने तो बघितलासुद्धा नाही, गटारात टाकला. मी उतरून परत उचलून आणला. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात नवा बेल्ट पाहिला तर तो खाचेत पार खाली बसलेला! पुलीची खाच 13 मिलिमीटर बेल्टची आणि यांनी घातलेला 10 चा. अरे, व्ही-बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होणारा हा पट्टा, खाचेच्या दोन भिंतींना धरून ओढतो, तळाला टेकला की घसरणारच. वरची बाजू पुलीच्या कडेला समपातळीत हवी. दुकानदार म्हणतो, "बसतो ना?" बसतो म्हणजे काय? पायात दोन नंबर लहान चप्पलही बसते!

मग एका रविवारी मी स्वतः बसलो. इंजिन चालू ठेवून, हात आणि शर्टाची बाही लांब ठेवून, बेल्टवर बाटलीने थोडं पाणी सोडलं. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. माझा थांबला आणि परत आला. एवढं कळायला एक बाटली पाणी लागलं! आठ महिन्यांत एकालाही सुचू नये?

मग इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहिली. वॉटर पंप गुळगुळीत, त्याच्या गळती दाखवणाऱ्या भोकाखाली कुलंटचा ओघळही नाही. अल्टरनेटरचं बेअरिंग तर नवंच. बेल्ट नसताना दहा सेकंद इंजिन चालू केलं, जास्त नाही, कारण पाणी फिरत नसतं. आवाज बंद. पण टॉर्च मारली तर क्रँकची पुली डोलत होती. सरळ फिरायच्या ऐवजी लंगडत होती.

ही पुली अखंड लोखंडाची नसते. आत एक बोस, म्हणजे क्रँकवर बसणारा मधला भाग, बाहेर खाचेचं कडं आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर, इंजिनाचे हादरे गिळायला. वीस वर्षांत ते रबर कडक होतं, तेल लागलं तर सुटतं. मी मुलाच्या दप्तरातला खडू घेतला आणि बोसपासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. बेल्ट चढवून शेतापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी बॉनेट उघडलं तर रेघ तुटली होती. आतला तुकडा एकीकडे, बाहेरचा बोटभर पुढे सरकलेला. कडं बोसवर फिरून घसरत होतं आणि इंजिनाच्या बाजूला मागेही सरकलं होतं, म्हणून प्रत्येक बेल्ट तिरका ओढला जाऊन एकाच कडेने फाटत होता.

चार बेल्ट, एक स्प्रे, एक बेअरिंग, पाच वेळची मजुरी, आणि तो घाट. आणि मूळ रोग सापडला कशाने? खडूने!

मला मिस्त्रींच्या मेहनतीबद्दल आकस नाही. उन्हात, चिखलात, गाडीखाली झोपून काम करतात, ते मला माहीत आहे. पण जुना भाग हातात धरून दोन मिनिटं बघायचं नाही, गिऱ्हाईक सांगतंय ते ऐकायचं नाही, आधीचा बेल्ट कुठल्या बाजूने झिजला ते विचारायचं नाही, याचा मला भयंकर राग आहे. फाटलेला बेल्ट सगळं सांगत असतो. बाजू चकचकीत झाल्यात म्हणजे घसरत होता. फुगून मऊ पडलाय म्हणजे कुठूनतरी ऑइल किंवा डिझेल गळतंय. एकच कड उसवलीय म्हणजे पुली तिरकी. हे वाचायचं सोडून तो गटारात फेकायचा?

नवी पुली बसवून तीन महिने झाले. बेल्ट 13 चाच, ताण अंगठ्याने बघून. सकाळी सेल्फ मारला की आता नुसता इंजिनाचा आवाज येतो. आबा मात्र उतार आला की अजून डॅशबोर्डवर हात टेकतात.