जुन्या हीटरना बाहेरचा थर्मोस्टॅट : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी. दोन खोल्यांतल्या तेलाच्या जुन्या हीटरना आमच्याकडून बाहेरचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा स्विच, जोडून घेतला. २१ अंशांवर लावूनही झोपायची खोली २४ पर्यंत तापते. वीज जोडणारा-तोडणारा काँटॅक्टर ज्यात आहे तो डबा रात्रभर खटखटतो. पंख्याचा हीटर आम्ही तसाच परत पाठवला. आणि थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या १० अँपिअरच्या छोट्या रिलेवर भागलं असतं, तिथे त्याचाच मोठा, दणकट प्रकार, म्हणजे काँटॅक्टर, तुमच्या गळ्यात मारला.

खोली जास्त तापते, ही चूक आमची. आमच्या मुलाने वायर कमी लागावी म्हणून सेन्सर खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीवर ठोकला. ती भिंत गार, त्यामुळे खोली ऊबदार झाली तरी सेन्सर ‘अजून थंडी आहे’ असंच सांगत राहतो. तो आतल्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर आणि हीटरपासून लांब हवा होता. काम संपल्यावर मी स्वतः पाहायला आलो असतो तर हे तेव्हाच दिसलं असतं. मात्र जागा बदलली तरी तापमान थोडं पुढे जाणारच. वीज तुटल्यावरही तापलेलं तेल बराच वेळ उष्णता सोडत राहतं. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, तेल गार करत नाही. हे जोडायच्या आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

खटखटीचंही तसंच. काँटॅक्टर ज्या पातळ फळीवर बसवला ती पलंगाच्या डोक्याशी आहे, म्हणजे ढोलच झाला. तो पॅसेजमध्ये हलवू, खाली रबरी वॉशर घालू. चालू-बंद होण्यातला फरक सध्या अर्धा अंश आहे, तो एक करू. खटके कमी होतील, तापमान मात्र किंचित जास्त वरखाली होईल. आवाज अजिबात नको असेल तर सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले, असतो. पण तो स्वतः तापतो, त्याला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागते, आणि बिघडला की बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. झोपायच्या खोलीत मी तो बसवणार नाही.

काँटॅक्टरबद्दल मात्र माझं मत बदलत नाही. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर खेचतो. १० अँपिअरचा छोटा रिले कागदावर पुरतो. पण थंडीत तासन्‌तास, रोज कितीतरी वेळा तोडजोड करताना त्याचे संपर्कबिंदू तापतात, ठिणगीने खड्डे पडतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग थर्मोस्टॅटने कितीही ‘बंद’ म्हटलं तरी हीटर चालूच. म्हणूनच हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढा, असं तुम्ही सांगूनही आम्ही तो ठेवला. त्याचं बटण पूर्ण पुढे फिरवून ठेवा, रोजचा कारभार बाहेरचा थर्मोस्टॅट पाहील. आतला थर्मोस्टॅट आणि त्यामागचा, हीटर फार तापला की वीज तोडणारा कटआउट अडचणीच्या वेळेसाठी आहेत. कटआउटला वळसा घालून वायर जोडायचं काम आम्ही कुणासाठीही करत नाही.

बिलातल्या ‘आतली दुरुस्ती’ या ओळीवरही तुम्ही नाराज आहात. एका हीटरचं झाकण उघडलं तेव्हा लग (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची जोडणी) काळवंडलेलं होतं, आणि वायर जरा वाकवताच तिचं वेष्टण तुकडे होऊन गळून पडलं. तो तुकडा पिशवीत घालून बिलासोबत दिला होता, पाहा. तिथे उष्णता सोसणारी सिलिकॉनची वायर घातली, नवं लग दाबलं, वेष्टणातून वीज गळत नाही ना, हे मोजणारा मेगर लावून पाहिलं आणि मगच थर्मोस्टॅटला हात घातला.

पंख्याचा हीटर परत केला कारण बाहेरून वीज तोडली की कॉइलबरोबर पंखाही थांबतो. लालबुंद कॉइलची उष्णता आतच कोंडते, कटआउट पडतो, प्लास्टिक मऊ पडतं. पंखा वेगळ्या वायरवर घेऊन थोडा वेळ फिरता ठेवता येतो, पण तुमच्या हीटरच्या आत तेवढी जागाच नाही. त्याला हात लावू नका, खोलीत कुणी असेल तेव्हाच वापरा.

सेन्सर आणि डबा हलवायचे पैसे लागणार नाहीत. या वेळी मी स्वतः येतो. तुमच्या सोयीची वेळ तेवढी दुकानात कळवा, आणि पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा, फळी काढायला जागा लागेल.