नाकापेक्षा ग्लास जड

पोर्तुगालमधल्या दोरू नदीवरच्या क्रूझचं माहितीपत्रक वाचलं, तर वाटतं की आपण डेकवर पाय लांब करून पडायचं आणि द्राक्षमळ्यांनी दोन्ही बाजूंनी सरकत जायचं. तसं घडतंही, पण वाइनच्या दोन टेस्टिंगच्या मधल्या वेळात. बाकी सगळी परीक्षा असते, आणि तीही नाकाची. माझ्या नाकानं आजवर गॅस गळतोय एवढंच वेळेवर सांगितलेलं आहे.

बोट रेग्वा नाहीतर पिन्याँवच्या धक्क्याला लागते आणि बस आपल्याला घेऊन डोंगर चढू लागते. वळणं अशी, की खिडकीतून एकतर द्राक्षाचं पान दिसतं, नाहीतर थेट खाली नदी. वर एखादी किंता असते. मळा, वाडा, तळघर आणि दुकान असा सगळा बारदाना. गाइड आधी वेली दाखवते, मग टाक्या, मग पिंपं, आणि मग फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं १८६० च्या दशकात केलेला अनर्थ सांगते. ही कीड प्रत्येक मळ्यात असते, आणि ती फक्त आपल्याच घरी आली होती असा आवाज प्रत्येक जण लावतो. पहिल्या मळ्यावर आपण मनापासून हळहळतो. पुढे पुढे किडीचंही काही म्हणणं असेल असं वाटू लागतं.

मग ग्लास येतो. "फिरवा," गाइड म्हणते. सराईत माणसाची वाइन ग्लासात गोल फिरते, माझी शर्टाकडे येते. "आता वास घ्या. काय येतंय?" गणिताचे मास्तर फळ्याकडून वर्गाकडे वळले की पसरायची तशी शांतता टेबलावर पसरते. मला वाइनचा वास येत असे. पण हे उत्तर धरत नाहीत.

आमच्या बोटीवर एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांना सगळं यायचं. काळी चेरी, व्हायोलेटची फुलं, घोड्याचं खोगीर. खोगिराच्या इतक्या जवळ नाक नेण्याची वेळ माणसावर का यावी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. एकदा त्यांना एल्डरबेरी, म्हणजे एक बारीक काळं फळ, तीही सापडली. गाइडनं मान डोलावली, सगळ्यांनी पुन्हा ग्लासात नाकं घातली आणि सगळ्यांनाच ती सापडली. गंमत अशी, की अठराव्या शतकात याच खोऱ्यात पोर्टला, म्हणजे इथल्या नावाजलेल्या गोड वाइनला, गडद रंग यावा म्हणून तिच्यात चक्क एल्डरबेरीचा रस मिसळायचे. पोंबाल या दणकट मंत्र्यानं १७५६ मध्ये खोऱ्याची हद्द आखायला घेतली, ग्रॅनाइटचे खांब रोवले, आणि भेसळीला आळा बसावा म्हणून एल्डरबेरीची झाडंच उपटायचं फर्मान निघालं. म्हणजे दंतवैद्यांना आला तो वास तेव्हा कुणाला आला असता, तर मळेवाल्याची धडगत नव्हती. आता त्यालाच टाळ्या.

बरं, पोर्ट ही काही साधीसुधी वाइन नव्हे. रस आंबत असतानाच तिच्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. यीस्ट जागच्या जागी गार. साखर तशीच राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं. हे प्रकरण भर सकाळी, न्याहारी अजून घशाशी असताना, चार-पाच ग्लासांत ओळीनं मांडलेलं असतं. म्हणून टेबलावर थुंकायला एक भांडंही ठेवतात. जाणकार माणूस वीतभर अंतरावरून त्यात सरळ, बारीक धार सोडतो आणि वाक्य जिथे तोडलं तिथून पुढे बोलू लागतो. मी भांड्यावर वाकलो, ओठांचा चंबू केला आणि धार सोडली. ती हनुवटीवरून मनगटावर आली आणि मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यात शिरली. बायकोनं निमूटपणे नॅपकिन पुढे केला.

"अहो, गिळा सरळ. पैसे भरलेत."

त्यानंतर मी गिळण्याचंच धोरण ठेवलं. लामेगूला देवळाच्या ६८६ पायऱ्या आहेत. तिथे बस वर सोडते आणि पायी उतरायचं असतं. त्या पायऱ्यांवर या धोरणाचे तोटे कळले.

सुटका झाली ती दगडामुळे. दोरूचं खोरं म्हणजे मुळात शिस्टचा डोंगर. मातीचा पत्ताच नाही. लोकांनी तो पापुद्रे सुटणारा दगड फोडला, त्याच्याच बिनचुन्याच्या ताली रचल्या आणि डोंगराला पायऱ्या पाडल्या. वेलींची मुळं दगडाच्या भेगांतून पाण्यासाठी खोल खाली जातात. युनेस्कोनं २००१ मध्ये हे सगळं जागतिक वारसा ठरवलं. त्या ताली पाहिल्या की इथलं निम्मं सौंदर्य कुणाच्या तरी पाठीवरून चढलंय हे उघड दिसतं. टेबलावर मात्र चेरीचीच चर्चा. मी याच विचारात असताना गाइडनं मला गाठलं. "तुम्हाला काय येतंय?" डोक्यात होतं तेच तोंडातून निघालं.

"दगड."

कुणी काही बोलेना. मग तिचा चेहरा उजळला. "मिनरॅलिटी!"

दंतवैद्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "ओला दगड," ते आदरानं म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून जेवणात प्रत्येक बाटली आधी माझ्यापुढे. मी डोळे मिटायचो, जरा थांबायचो (हे थांबणं फार महत्त्वाचं) आणि दगडात थोडा फेरफार करायचो. तापलेला दगड. सावलीतला दगड. पांढऱ्या वाइनला नदीतला गोटा. लोक डायरीत टिपून घ्यायचे.

वर वालेराच्या अरुंद घळीत मात्र विषय निघाला बुडण्याचा. या नदीचा नकाशा काढणारे आणि पोर्टमध्ये स्पिरिट ओतू नका म्हणून भांडणारे जोसेफ जेम्स फॉरेस्टर १८६१ मध्ये इथेच बोट उलटून बुडाले. त्याच बोटीतल्या दोना आंतोनिया फरेरा, इथल्या मोठ्या मळेवाल्या बाई, वाचल्या. त्यांना घेरदार झग्यानं तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टरना कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी खाली ओढलं, असं सांगतात. आता धरणामुळे तिथलं पाणी शांत आहे. आम्ही फॉरेस्टरच्या स्मरणार्थ ग्लास उंचावले. त्यात अर्थातच स्पिरिट होतं.

परतीच्या वाटेवर कारापातेलूच्या धरणात बोट एका काँक्रीटच्या विहिरीत शिरते आणि पाणी सोडून तिला ३५ मीटर खाली उतरवतात. कडेला हातभर अंतरावर ओली, शेवाळलेली भिंत वर वर जात होती. दंतवैद्य तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळले. "हाच ना तो?"

मी गंभीरपणे मान हलवली. दुसरा इलाज नव्हता.

शेवटचं टेस्टिंग पोर्तो शहराच्या समोरच्या काठावर, विला नोवा दि गायाच्या तळघरात. खोऱ्यातला उन्हाळा भाजून काढणारा, म्हणून पूर्वी पिंपं राबेलू होड्यांतून इथे समुद्राजवळच्या गारव्यात आणून मुरवत ठेवायचे. चाळीस वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपात मुरलेली पोर्ट, ओतली गेली आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी डोळे मिटले, थांबलो, पण तिच्यापुढे कोणता दगड ठेवावा सुचेना.

"वाळलेले जर्दाळू," शेजारून आवाज आला. "आणि भाजलेले अक्रोड."

गाइडनं टेबलावरचा कागद उलटा केला. त्यावर हेच छापलेलं होतं. दंतवैद्यांनी आपली खुर्ची उचलून बायकोच्या बाजूला नेली.

"आधी का नाही बोललीस?" मी हळूच विचारलं.

"विचारलं कुणी? सगळे तुमच्याच दगडांमागे," ती म्हणाली आणि पुढच्या ग्लासात नाक घालून दंतवैद्यांना काहीतरी समजावू लागली. मग दुकानात बाटल्या तिनंच निवडल्या. पिशवी माझ्याकडे आली.