स्पर्धा वाढेल हो, पण क्लेमचं काय?

विमा कंपन्यांतल्या परकी गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के झाली की स्पर्धेमुळे ग्राहकाचं भलं होईल, असं तुमच्या विम्यावरच्या लेखात म्हटलंय. पॉलिसी विकताना स्पर्धा आजही आहेच! कसोटी लागते ती हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या दिवशी. कॅशलेस क्लेमच्या बिलाला तीन तासांत अंतिम मंजुरी द्या, उशीर झाला तर वाढीव बिल कंपनीने भरा, हा नियम २०२४ पासून आहे. तरी वडिलांची फाइल टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) 'क्वेरी'त रात्रीपर्यंत अडकली आणि खोलीचं भाडं आमच्याच माथी. विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाचं लेखात नावही नाही. पुण्यात नारायण पेठेत त्यांचं कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतची तक्रार फुकट, वकील लागत नाही (चालतही नाही). आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबायचं, एवढंच. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरात असतो हा पत्ता. तो पहिल्या पानावर ठळक छापायची सक्ती करा की.