रिकामटेकडे म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. आज त्यात कुणीतरी व्हिडिओ टाकला. भर समुद्रात टूना पकडणारं अवाढव्य जहाज आणि त्याच्या पुढ्यात रबराच्या एवढ्याशा होडीत बॅनर धरून उभी चार-पाच पोरं. जहाजावरून त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारतायत. खाली पहिलीच कमेंट, "रिकामटेकडे. घरी आईबाप नाहीत का?" आणि त्यावर हसून लोळणारे इमोजी सतरा. मी मोजले.

तुम्ही त्या सतरांतले नाही, ठाऊक आहे मला. तरी ऐका.

टूना म्हणजे कोकणातला कुपा. आपल्याला तांबड्या-पांढऱ्यापुढं मासा दिसत नाही, म्हणून सांगते. मी नऊ वर्षांची होते, मालवणला मावशीकडं गेले होते. दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं मोठं जाळं, अर्धी वाडी दोराला. मीही घुसले. ओढलं कसलं, लोंबकळलेच! तळहात सोलून निघाले. जाळं वाळूवर आलं, वाटे पडले आणि एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे त्यांच्या म्होरक्यानं, माझ्या फ्रॉकच्या ओच्यात पाच बांगडे टाकले. मला कशाला, म्हटलं. तर म्हणाला, "दोराक हात लावलंस मां? मगे ह्यो तुझो वाटो."

त्या जहाजाच्या दोराला कुणाचा हात लागतो हो? पर्ससीनचं जाळं किलोमीटरभराहून लांब. थव्याभोवती गोल टाकायचं आणि बटव्याची नाडी ओढावी तसं खालून आवळायचं. त्याआधी समुद्रात तराफे सोडून ठेवायचे. त्यांच्या आडोशाला मासळी जमते. किती जमली, हे तराफ्यावरचं यंत्र जहाजावर बसल्या बसल्या सांगतं. मग मोठ्या माशांबरोबर त्यांची पिल्लं, शार्क, सगळंच बटव्यात. ही काय मासेमारी झाली? हा तर दरोडा.

२०२३ मध्ये टूनाचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या मोम्बासाच्या बैठकीत ठरलं, हिंदी महासागरात वर्षातले ७२ दिवस हे तराफे बंद ठेवायचे. युरोपियन युनियननं हरकत घेतली आणि स्वतःच्या जहाजांपुरता नियम उडवून लावला. आणि रिकामटेकडी कोण, तर होडीतली पोरं!

आपल्या समुद्रातला यलोफिन टूना २०१५ साली धोक्यात असल्याचं जाहीर झालं होतं, आता सावरलाय म्हणतात. बरं, सावरला. कुणीतरी बोंब मारली म्हणूनच ना? होडीतल्या पोरांना तिथवर नेणारं मोठं जहाजही डिझेलवर चालतं, हेही मान्य. रापणीत बारीक मासळी येते, तेही मान्य. पण रापणीत पाच बांगडे परक्या पोरीलाही मिळायचे.

आणि हे लिहिता लिहिता लक्ष ओट्याकडं गेलं. भाचा जिमला जातो, त्याचा टूनाचा डबा तिथंच पडलाय. वर बारीक अक्षरात 'प्रॉडक्ट ऑफ थायलंड'. कुठल्या बोटीनं, कुठल्या जाळ्यानं धरला, एक अक्षर नाही. डबा मीच आणलाय, ऑफर होती. तेव्हा जास्त बोलायला मला तोंड नाही. लक्षद्वीपला अजून गळाच्या काठीनं एकेक टूना ओढून काढतात. तसला डबा आपल्या दुकानात मिळत असेल तर सांगा, दोन रुपये जास्त देईन.

मघाशी मावशीला फोन केला. एलईडीच्या उजेडानं मासळी ओढून धरायला २०१७ पासून बंदी आहे ना गं, म्हटलं. ती हसली. रात्री गच्चीवर गेलं की म्हणे समुद्रात जत्रा भरल्यासारखी दिसते. मग त्या तांडेलाचं विचारलं. ते जाऊन बारा वर्षं झाली. मला कुणी कळवलंच नव्हतं. का कळवतील म्हणा.

रापण लागते का अजून, विचारलं.

"लागता कधीतरी. पण ओढूक माणसां खंय आसत? तू येतंस?"