प्रकाशकाचं उत्तर: राणी पळून का जात नाही

ताई, नमस्कार. आमच्या कादंबरीला तुम्ही दोन स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्यात. पानं सुटली, २६० रुपये जास्त वाटले, आणि ‘राणी दोनशे पानं गडावर नुसती बसून राहते, अंधारीतून पळून जायला काय झालं होतं?’ (अंधारी म्हणजे गडातली काळोखी भुयारी वाट.)

पानांबद्दल माफी मागतो. तुमच्या हातात आलेली १०३ ते १०६ ही पृष्ठं म्हणजे सातव्या फर्म्याची अगदी आतली घडी. फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेला छापील कागद, इथे १६ पानी; बांधणी शिवणीची नाही, गोंदाची. मशीनवर पुस्तकाची पाठ (घड्यांची कडा) कमी घासली गेली की गोंद बाहेरच्या घड्यांना लागतो आणि आतली कोरडी राहते. पुस्तक दोन-चारदा सपाट उघडलं की ती निसटते. चूक आमचीच, प्रत बदलून देतो. किमतीचं एवढंच की छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आम्हाला वळता करून घेता येत नाही. तो आमच्याच अंगावर पडतो.

तिसरी गोष्ट मात्र जिव्हारी लागली. कादंबरी २०८ पानांची आहे. सातव्या प्रकरणाअखेर, ११२व्या पानावर, ती ठेवून दिली असं तुम्हीच लिहिलंय. मग दोनशे पानं राणी काय करते हे कसं कळलं? राग मानू नका, पण तुमचे स्टार वाचून दुसरे लोक हातातलं पुस्तक खाली ठेवतात.

कादंबरीतला गड आणि राणी कल्पित असली तरी गडाची रचना देवगिरीवरून घेतलीय. आणि देवगिरीची अंधारी ही पळवाट नाहीच. आत शिरणाऱ्या शत्रूला मारण्यासाठी कातळात खोदलेली ती वाट आहे. वळणं, उंचसखल पायऱ्या, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, त्यावर जाळ पेटवला की धूर आत कोंडायचा. म्हणजे झाकण ज्याच्या ताब्यात, अंधारी त्याची. कादंबरीत ते दिवाणाच्या माणसांकडे आहे, आणि हे चौथ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. समजा, राणी खाली पोचलीच. पुढे खंदक, त्यावर एकच अरुंद पूल, पलीकडे वेढा घातलेली फौज. डोंगराचा कडा तर सुमारे ५० मीटर तासून उभा केलेला. दोर सोडून उतरणं सिनेमात ठीक आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन १६८७ नंतर याच गडावरच्या चिनी महालात मरेपर्यंत कैदेत होता. तिथे १५ वर्षांच्या पोरीने उडी मारून निसटावं, हे आमच्या लेखिकेला पटलं नाही. मलाही पटत नाही.

(ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. मला तो लिहिणं भाग आहे.)

आठव्या प्रकरणात राणी कोठारातल्या गोण्यांत सळई खुपसून बघते. १२९६च्या वेढ्यात रामदेवरावांच्या गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. तोच धागा इथे आहे. वहीत ९० मण ज्वारी, प्रत्यक्षात ६० मण. बाकी मीठ. गडावर माणसं ६०, रोज माणशी एक शेर, म्हणजे (४० शेरांचा एक मण) दिवसाला दीड मण, म्हणजे ४० दिवस. ती सगळ्यांना सरसकट पाऊण शेरावर आणते आणि ५३ दिवसांचा हिशोब मांडून खूश होते. आठव्या दिवशी टाक्यावरून पाणी वाहणारे दोघं चढावर कोसळतात. तिची चूक तिला दिसते ती इथे. मग पाणी वाहणाऱ्या आणि पहाऱ्यावरच्या २० जणांना पुरा शेर, उरलेल्या ४० जणांना अर्धा, आणि त्या ४० मध्ये ती स्वतः. रोजचा बरोबर एक मण. उरलेले ५१ मण ५१ दिवस जातात. आधीच्या पुस्तकात, म्हणजे पहिल्या भागात, नुसते हुकूम सोडणारी मुलगी इथे पहिल्यांदा दुसऱ्याला विचारते, ‘तुला किती लागतं?’ अकराव्या प्रकरणात ती शिक्का हातात धरून बसते आणि कोठाराची वही मोठ्याने वाचल्याशिवाय दिवाणाच्या कागदावर उमटवत नाही. बसूनच राहते, हे खरं. पण दिवाणाला घाम फुटतो तो तिच्या त्या बसण्यानेच. घोडा उडवणं सोपं होतं हो.

एक मान्य करतो. मुखपृष्ठावर ‘भाग दुसरा’ ही अक्षरं बारीक आहेत आणि पिवळ्या आभाळात हरवलीत. तुम्ही पहिला भाग न वाचता हाच घेतलात त्यात तो दोष असेल. पुढच्या आवृत्तीत अक्षरं मोठी करू, बाइंडिंगचंही बघतो.

सुटलेली प्रत दुकानात आणून द्या, पावती नसली तरी चालेल. नवी प्रत बांधून ठेवलीय, आतला खुणेचा दोरा ११३व्या पानावर आहे. दुकान सकाळी १० ते रात्री ८, रविवारी बंद.